दुखणे आणि त्याची नोंद

मानसिक आजार असलेल्या माणसांपैकी फार थोडी उपचारांपर्यंत का पोहोचतात, या प्रश्नाची दोन उत्तरे भारतातील सार्वजनिक चर्चेत जवळजवळ ठरून गेली आहेत: एक तर मनोविकारतज्ज्ञ अपुरे आहेत, आणि दुसरे म्हणजे समाज अज्ञानी व अंधश्रद्ध आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली गुजरातसह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांमध्ये त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार आढळला, आणि उपचार-तफावत, म्हणजे गरज असूनही उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण, आजारागणिक ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. हे आकडे पुढे ठेवले की डॉक्टर वाढवा आणि जनजागृती करा, हा निष्कर्ष आपोआप निघतो. तो चुकीचा नाही. परंतु जिथे दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे, औषध फुकट आहे आणि घरातली माणसे शिकलेली आहेत, तिथेही उपचार टाळले किंवा लपवले का जावेत, हे त्यातून उलगडत नाही. बडोद्यातील प्रतापनगर ही वस्ती या दृष्टीने मुद्दाम पाहण्याजोगी आहे, कारण तिथे ही दोन्ही ठरीव उत्तरे अपुरी पडतात आणि तिसऱ्याकडे वळावे लागते: माणसे बहुधा उपचार नाकारत नसतात, उपचारांची नोंद नाकारत असतात.

प्रतापनगर रेल्वेने घडवलेले आहे. गायकवाड सरकारने डभोई ते मियागाव हा अरुंद रुळांचा मार्ग १८६२ मध्ये टाकला, तेव्हा त्यावरचे डबे प्रथम बैल ओढत असत. पुढे हे जाळे वाढत जाऊन संस्थानची स्वतःची रेल्वे उभी राहिली, ती १९४९ मध्ये बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत सामावली गेली. पश्चिम रेल्वेच्या वडोदरा मंडळाचे डीआरएम (मंडळ रेल्वे प्रबंधक) ऑफिस आज प्रतापनगरला आहे, मंडळाचे रेल्वे हॉस्पिटल तिथेच आहे, आणि या दोन्हींच्या आसऱ्याने वाढलेल्या क्वार्टर्समध्ये व आसपासच्या गल्ल्यांत मराठी, गुजराती आणि उत्तरेकडील कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. कर्मचारी, त्याची बायको-मुले, निवृत्तीनंतर तो स्वतः, या सर्वांना ‘उम्मीद’ या रेल्वेच्या वैद्यकीय ओळखपत्रावर उपचार मिळतात. देशातील बहुसंख्य नागरिकांना जे आरोग्यविषयक संरक्षण अजून मिळालेले नाही, ते इथल्या रेल्वे कुटुंबांना कित्येक वर्षांपूर्वीच मिळाले आहे.

या संरक्षणाची दुसरी बाजू अशी की रेल्वे कामगाराचे शरीर ही त्याची खासगी बाब राहत नाही. आजारी पडला की तो ‘सिक’मध्ये जातो, बरा झाला की रेल्वेच्या डॉक्टरकडून ‘फिट’ घेतल्याशिवाय त्याला कामावर घेत नाहीत, आणि गाडी चालवण्याशी संबंध असलेल्यांची ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी होते. लोको पायलटला ए-वन हा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा राखावा लागतो. दर्जा उतरला की तो ‘डीकॅटेगराइज’ होतो, म्हणजे इंजिनावरून उतरवून त्याला दुसरे काम दिले जाते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा अशा वेळी त्याची नोकरी, श्रेणी आणि वेतन राखतो, आणि मानसिक आजारही त्या कायद्याच्या कक्षेत येतो. पण धावत्या किलोमीटरवर मिळणारा भत्ता त्या कायद्याने मिळत नाही, आणि ज्या माणसाने उमेदीची वर्षे इंजिनावर काढली त्याला ऑफिसातील टेबलामागे बसवल्यावर सहकाऱ्यांच्या नजरेत जे घडते त्याची भरपाई कोणत्याच कलमात नाही. झोप उडालेली आहे, छातीत धडधडते आहे, सिग्नल पाहताना हात थरथरतो आहे, अशा माणसाने ही तक्रार कुठे बोलून दाखवावी, याचा हिशेब त्याच्या घरी होतो तेव्हा त्यात अज्ञानाचा भाग फारसा नसतो. शहरातल्या दुसऱ्या टोकाला पदरचे पैसे मोजून डॉक्टर गाठणे, आणि रजेच्या कागदावर ताप, कंबरदुखी किंवा अशक्तपणा असे निरुपद्रवी शब्द येतील असे पाहणे, हा त्या परिस्थितीत पुरता शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आजारावर सामाजिक स्थानाचा परिणाम होतो, हे मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांनी जगापुढे आणले. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील पुरुष कर्मचाऱ्यांवर १९६७ पासून सुरू झालेल्या, व्हाइटहॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत असे दिसले की सर्वांत खालच्या श्रेणीतील मृत्यूंचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. यातले कोणीही अन्नाला मोताद नव्हते, आणि ब्रिटनमध्ये उपचार सर्वांना मोफत होते. तरीही हुद्द्याच्या प्रत्येक पायरीगणिक आरोग्य उतरत जात होते. टाइप वन, टाइप टू असे क्वार्टरच पगाराच्या पायऱ्यांप्रमाणे बांधलेल्या वसाहतीला हा निष्कर्ष परका वाटण्याचे कारण नाही. मात्र व्हाइटहॉलने एका बाबीकडे लक्ष दिले नाही, ती म्हणजे श्रेणी राखणारी यंत्रणा आणि आजार तपासणारी यंत्रणा एकाच मालकाची असली की माणूस आजाराशी कसा वागतो.

बडोद्याच्या संदर्भात इथे थोडे मागे जावे लागते. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत शहराला आजवा तलावाचे पाणी मिळाले, १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानात लागू झाले, आणि शरीरसंपदेला एक सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हे कसरतीइतकेच मालिश आणि हाड बसवण्यासाठी प्रसिद्ध होते. आबासाहेब मुजुमदारांनी याच शहरातून ‘व्यायाम’ मासिक चालवले आणि दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. हात निखळलेला माणूस आखाड्याच्या पायरीवर चारचौघांत कण्हत बसे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. उलट कुठल्या डावात हात निखळला हे विचारून लोक त्याचे कौतुकच करत. याच संस्थानी काळात शहराला मनोरुग्णालयही मिळाले, पण त्याच्याशी शहराचे नाते भिंतीपुरते राहिले. दोष बडोद्याचा नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता मॅजिस्ट्रेटच्या हुकमातून जाई, मनाच्या आजाराची पहिली सरकारी नोंद ही जवळजवळ पोलिसी नोंद असे, आणि त्याचा ठसा साऱ्या देशाच्या बोलण्यात उमटला. मराठीत ‘येरवड्याला पाठवा’ या थट्टेमागे पुण्यात एकाच नावाखाली तुरुंग आणि मनोरुग्णालय नांदतात, हा योगायोग किती काम करून गेला आहे, याचा विचार थट्टा करणारे करत नाहीत.

कायद्याने नोंदीला दिलेली ही धार पुढेही बोथट झाली नाही. भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा मानला होता. परिणामी ज्या रात्री घरातल्या माणसाला मदतीची सर्वाधिक गरज असे, त्याच रात्री घरचे लोक इस्पितळात ‘चुकून औषध पोटात गेले’ असे सांगत. पोट धुतले जाई आणि मनापर्यंत कोणी पोहोचत नसे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ मध्ये अमलात आला, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम त्या रूपात उरले नाही. म्हणजे सुमारे दीडशे वर्षे खोटे बोलणे हाच शहाणपणा होता. ती सवय राजपत्रातल्या एका अधिसूचनेने जाणार नाही, आणि ती न गेल्याबद्दल लोकांना मागासलेले म्हणणे हा तर अन्यायच आहे.

लग्नाच्या बाबतीत गुंता आणखी खोल जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, १९७६ च्या दुरुस्तीनंतरच्या शब्दांत, मानसिक विकारामुळे संमती देण्यास किंवा संसारास अपात्र असणे ही विवाहाला बाधा मानली आहे, आणि बऱ्या न होणाऱ्या वा विशिष्ट स्वरूपाच्या मनोविकारावरून घटस्फोट मागता येतो. अपस्मार, म्हणजे फीट येण्याचा आजार, हाही विवाहातील अडथळ्यांत होता. तो १९९९ मध्ये वगळण्यात आला. दुसरीकडे २०१७ चा कायदा सांगतो की पूर्वी उपचार घेतले होते एवढ्यावरून कोणाला आज मानसिक आजारी ठरवता येणार नाही, आणि आजाराचे निदान म्हणजे न्यायालयाच्या निर्णयाशिवाय ‘वेडसर’ ठरणे नव्हे. कायद्याची ही दोन पुस्तके एकाच कपाटात असली तरी स्थळ पाहणाऱ्या आईबापांच्या मनात पहिल्यातलेच कलम वजनदार असते, कारण वैद्यकीय फाइल हा वकिलाच्या हातात पडणारा पुरावा असतो. मुलीच्या बाबतीत त्याचे ओझे दुप्पट. वीस वर्षांच्या मुलीला नैराश्य आले, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी उदासी, भूक-झोप मंदावणे, कशातच गोडी न वाटणे असा आजार झाला, तर घरात पहिली चर्चा आजाराची होत नाही, ‘हे बाहेर कळता कामा नये’ याची होते. बडोद्याची मराठी मंडळी संख्येने मोठी असली तरी पोटजाती, गाव आणि नातेसंबंध धरून पाहिले तर स्थळांचे वर्तुळ लहानच राहते. अशा वर्तुळात एका घरातली बातमी चार घरी पोहोचायला वेळ लागत नाही.

मग मुलीला घेऊन घर कुठे जाते? बडोद्याच्या मराठी घरांसाठी याचे एक फार जुने उत्तर नर्मदेच्या काठी आहे. गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे टेंबे स्वामी, यांची १९१४ सालची समाधी आहे; करजण तालुक्यातील नारेश्वरला रंग अवधूत महाराजांचे स्थान आहे. हे महाराज गोध्र्याच्या मराठी घरात जन्मले आणि त्यांनी १९३५ मध्ये ‘दत्तबावनी’ गुजरातीत रचली. ती एका बाधा झालेल्या स्त्रीच्या पीडानिवारणासाठी रचली गेली, असे परंपरा सांगते. आज मराठी आणि गुजराती अशा दोन्ही घरांत संकटकाळी तिचे पाठ होतात. आणखी दूर गाणगापूर आणि नरसोबाची वाडी आहेतच. दत्तसंप्रदायाच्या या वाटेला अंधश्रद्धा म्हणून एका फटक्यात निकालात काढणाऱ्यांनी तिच्या रचनेकडे नीट पाहिलेले नसते. तिथे सारे कुटुंब मिळून जाते. दोष माणसात नसून बाहेरून आलेल्या बाधेत आहे असे मानले जाते, त्यामुळे पीडा उतरली की माणूस निष्कलंक होऊन परततो. सेवेला दिवसांची मुदत असते, दिनक्रम असतो, जेवणखाण नियमित होते. आणि कोणाच्याही नावाची फाइल होत नाही. यात्रेला गेलो होतो, एवढे सांगितले की शेजाऱ्यांचे समाधान होते.

अर्थात या वाटेची भयानक टोकेही आहेत. तामिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका निवासात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आले नाही आणि ते जळून मेले. चटके, मारहाण, उपासमार यांच्या रूपाने चालणाऱ्या ‘उपचारां’विरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, कायदा केला आणि गुजरातने २०२४ मध्ये. हे कायदे आवश्यकच होते. परंतु त्यांच्या जोडीला गुजरातमध्ये झालेला एक प्रयोग अधिक बोलका आहे: मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे मीरा दातार दर्ग्याच्या परिसरातच २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ या नावाने मानसोपचार दिले जाऊ लागले, मुजावरांना, म्हणजे दर्ग्याच्या सेवकांना, आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले आणि त्यांनीच भाविकांना डॉक्टरकडे पाठवायला सुरुवात केली. त्याची मांडणी बहुधा श्रद्धा आणि विज्ञान यांचा समेट अशी केली जाते, ती थोडी गोंडस आहे. त्याहून साधी गोष्ट अशी की डॉक्टर तिथे आला जिथे येण्याबद्दल कोणालाही खुलासा द्यावा लागत नाही.

नोंद म्हटली की ती कलंकाचीच असते, असे मात्र नाही, आणि याचा दाखला प्रतापनगर स्टेशनावर रोज उतरणाऱ्या माणसांकडेच आहे. छोटा उदेपूरकडची गाडी इथे येते. त्या भागातल्या राठवा आदिवासींमध्ये घरात आजारपण सरत नसेल, गुरे मरत असतील, मूल होत नसेल, तर बडव्याला म्हणजे देवऋषीला विचारतात, आणि तो बहुतेक वेळा बाबा पिठोऱ्याची मानता सांगतो. मानता फेडायची म्हणजे ओसरी आणि आतले घर यांच्यामधली भिंत कुमारिकांनी शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतारायची, लखाऱ्याने म्हणजे चित्रकाराने तिच्यावर दूध आणि महुड्याची दारू घालून कालवलेल्या रंगांनी देवांचे घोडे काढायचे, गावाने जमून रात्रभर गाणी म्हणायची, आणि शेवटी अंगात आलेल्या बडव्याने एकेक चित्र तपासून पसंतीची खूण द्यायची. शहरातल्या दिवाणखान्यांत हीच पिठोरा चित्रे आदिवासी कला म्हणून चौकटीत लागतात, तेव्हा ती एका घराच्या दुखण्याची जाहीर कहाणी आहे हे विसरले जाते. ओसरीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला या घरावर संकट आले होते आणि गावाने ते मिळून निभावले, हे वर्षानुवर्षे दिसत राहते, आणि त्याने घराची पत घटत नाही. खर्चापायी कर्ज होते, खरा आजार हाताबाहेर जातो, म्हणून या रीतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तरीही दुखण्याची जी नोंद क्वार्टरमधला कामगार लपवतो, ती राठवा शेतकरी पाहुण्यांच्या नजरेसमोर भिंतीवर रंगवून घेतो. दोघांच्या साक्षरतेतला फरक पाहिला तर ‘अज्ञानामुळे लोक लपवतात’ हे विधान नेमके उलटे ठरते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी रोग आणि आजारपण यांत भेद केला: रोग म्हणजे डॉक्टरने ठरवलेला बिघाड, आजारपण म्हणजे तो बिघाड माणसाने आणि त्याच्या कुटुंबाने जगलेला अनुभव. १९८० च्या सुमारास चीनमधील हुनान येथे केलेल्या अभ्यासात त्यांना दिसले की मज्जातंतूंची दुर्बलता या निदानाखाली उपचार घेणाऱ्या बहुतेकांना नैराश्याचे निदान लागू पडत होते. सांस्कृतिक क्रांतीत पोळलेल्या त्या माणसांना डोकेदुखी आणि थकवा सांगणे राजकीयदृष्ट्या सुरक्षित होते, दुःख सांगणे नव्हते. बडोद्यात पित्त, गॅस, गभरामण (घाबरल्यासारखे होणे), चक्कर अशा तक्रारींनी भरलेल्या ओपीडीकडे या नजरेने पाहता येते. पौर्वात्य माणूस मनाचे दुखणे शरीरातून बोलतो, त्याला भावनांची उकल जमत नाही, असे एकेकाळी पाश्चात्य मानसशास्त्र म्हणत असे. त्यात तथ्य फार थोडे आहे. या ओपीडीत येणारी बाई नारेश्वरच्या ओट्यावर मनातले सारे नीट सांगते. केसपेपरवर काय लिहिले जाईल याचा अंदाज घेऊन ती डॉक्टरपुढे ‘पोटात गोळा येतो’ म्हणते.

या मांडणीवर एक आक्षेप घ्यावा लागेल, आणि तो हलका नाही. नोंद टाळणे एकेका माणसाला सोयीचे असले तरी हजार प्रवाशांना घेऊन धावणाऱ्या गाडीच्या इंजिनात बसलेल्या माणसाचे मानसिक आरोग्य ही त्याची एकट्याची बाब कशी मानायची? शिवाय दिव्यांगत्वाचा दाखला, पेन्शन, विमा हे सर्व हक्क नोंदीवरच उभे असतात. २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला लावले, ते निदान कागदावर असेल तरच उपयोगाचे. आक्षेप खरा आहे, पण कडक नोंदीने सुरक्षितता वाढते हे त्यातले गृहीतक तपासायला हवे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात विमान जाणूनबुजून आदळले आणि १५० माणसे गेली. तपासात त्याच्या घरी डॉक्टरांनी दिलेले आजारपणाचे दाखले सापडले, फाडलेले. त्यांतला एक त्याच दिवसाचा होता. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अपात्र ठरवले होते, त्याने ते मालकाला कळवले नव्हते, कारण कळवणे म्हणजे उड्डाण संपणे होते. या घटनेनंतर युरोपने तपासण्या वाढवल्याच, पण त्यासोबत वैमानिकांसाठी सहकाऱ्यांकडून मिळणारा गोपनीय आधार २०२१ पासून विमान कंपन्यांवर बंधनकारक केला. ज्या व्यवस्थेत खरे बोलण्याची शिक्षा सर्वांत मोठी असते, तिथे खोट्या ‘फिट’ माणसांची संख्या वाढते, हे तिथल्या नियंत्रकांना मान्य करावे लागले.

रेल्वेच्या दवाखान्यांत याच दिशेने काही करायचे तर ते फलक लावून होणारे नाही. एकाच डॉक्टरने रुग्णाचा विश्वासू आणि मालकाचा तपासनीस अशी दोन्ही कामे करायची, ही गाठ आधी सोडवावी लागेल: उपचार करणारा वेगळा, दाखला देणारा वेगळा, आणि पहिल्याच्या कागदांपैकी गाडी चालवण्याच्या क्षमतेपुरता निष्कर्षच दुसऱ्याकडे जाईल. उपचारांच्या काळात, परतण्याची मुदत आधीच सांगून, इंजिनावरून तात्पुरते उतरवलेल्या माणसाचा किलोमीटर भत्ता सरासरीने चालू ठेवण्याचा खर्च एका अपघाताच्या चौकशीपुढे काहीच नाही. २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा फोनवरून अनेक भारतीय भाषांत सल्ला देते आणि त्यासाठी कोणाच्या समोर रांगेत बसावे लागत नाही, हेच तिचे मोठे बळ आहे. क्वार्टरमधल्या स्त्रियांचा प्रश्न मात्र याहून निराळा, कारण त्यांच्या निदानाने कोणाचीही नोकरी जात नाही. त्यांना भीती असते ती औषधाच्या खिडकीपाशी शेजारणीने चिठ्ठी वाचण्याची. त्यांच्यासाठी मनोविकारांची वेगळी पाटी असलेल्या खोलीपेक्षा, आठवड्यातून दोन संध्याकाळी साध्या ओपीडीतच, मराठी-गुजराती बोलणारी समुपदेशक बसवणे आणि औषधाची पुडी बीपी-शुगरच्या पुड्यांसोबत त्याच खिडकीतून देणे अधिक उपयोगी पडेल.